लाडबोरीची रिंग कुठली हे माहीत आहे. तिच्या नावाने काढा विकणं बंद करा

२ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास विदर्भाच्या आभाळातून जळत गेलेल्या उजेडाबद्दल एक लांबलचक मेसेज पुन्हा फिरायला लागला आहे. पाडवा जवळ आला की तो कुठून तरी वर येतो, दोन-चार ओळी नव्याने चिकटलेल्या असतात, आणि शेवटी ‘प्रत्येक मराठी माणसापर्यंत पोचवा’ असतंच. आजवर तो वाचून मी सोडून देत आलो. आता सोडवत नाही, कारण तो माझ्या मामीपर्यंत पोचला आहे.

चंद्रपूर जिल्ह्यातलं लाडबोरी ज्या सिंदेवाही तालुक्यात येतं, त्यातल्याच एका गावात मामी राहते. लाडबोरीला आभाळातून लोखंडी रिंग पडली म्हटल्यावर आजूबाजूची सगळी गावं बघायला लोटली होती, त्यात मामीचा नातूही बापाच्या गाडीवर बसून गेला होता. पोरगं लहान, रिंगेला हात लावला, तिच्याजवळ उभं राहून फोटो काढला. हा मेसेज आल्यावर मामीचा मला फोन आला. ‘बाबू, आपल्या पोराला काही होणार तं नाही ना? त्याच्यात लिहून आहे, ज्यानं हात लावला त्याला पाच वर्षांनी कॅन्सर होते म्हणून.’ मेसेजच्या खाली एक मोबाइल नंबर होता आणि त्या नंबरावर ‘किरणोत्सार शरीरातून बाहेर काढणारा’ काढा मिळणार होता. पैसे पाठवायच्या आधी मामीने मला विचारलं हे नशीब.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं आहे. ते रॉकेट नव्हतंच, कारण फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेलं रॉकेट एप्रिल २०२२ मध्ये कसं पडेल? ते क्षेपणास्त्र होतं, किंवा परग्रहावरचं यान होतं. शास्त्रज्ञांनी दोन दिवसांत तीन वेगवेगळी उत्तरं दिली, म्हणजे ते काहीतरी लपवत होते. इस्रोची माणसं आली आणि पुरावा गुपचूप उचलून घेऊन गेली. पाडव्यालाच हे घडलं हा दैवी इशारा होता. आणि सगळ्यात मोठं म्हणजे, रिंग किरणोत्सारी होती.

या शेवटच्या मुद्द्यापासूनच सुरुवात करतो. बाकीचं सगळं खोटं असलं तरी त्याने कुणाचं फारसं बिघडत नाही. याने बिघडतं.

‘रिंग किरणोत्सारी होती, हात लावणाऱ्यांना कॅन्सर होणार’

किरणोत्सार हवेतून येऊन धातूला चिकटत नाही. त्याला युरेनियम, प्लुटोनियम, कोबाल्टचं किरणोत्सारी रूप असं काहीतरी मुळात त्या वस्तूत असावं लागतं. लाडबोरीत पडलेली रिंग ही चीनच्या ‘चांग चेंग ३बी’ या रॉकेटच्या तिसऱ्या टप्प्याचा, म्हणजे एकामागून एक पेटणाऱ्या भागांतल्या शेवटच्याचा, तुकडा होती (हे कशावरून, ते पुढे सांगतोच). या तिसऱ्या टप्प्याचं इंजिन द्रवरूप हायड्रोजन आणि द्रवरूप ऑक्सिजनवर चालतं. दोन्ही जळून पाण्याची वाफ होते. त्यात अणुइंधन नसतं, अणुभट्टी नसते, आणि रिंग तर इंजिनाचाही भाग नव्हे. रॉकेटच्या गोल भिंतीला ताठ ठेवणारं किंवा दोन भाग जोडणारं असं कडं असतं ते. धातूचं नुसतं कडं. किरणोत्सार यायचा कुठून?

मेसेज लिहिणाऱ्याने यावर उत्तर शोधून ठेवलं आहे: ‘अंतराळात वर्षभर फिरल्यामुळे तिथले किरण धातूत साठतात.’ असं साठत असतं तर अंतराळातून परत आलेली एकही वस्तू माणसांत ठेवता आली नसती. राकेश शर्मा १९८४ मध्ये ज्या सोयूझ टी-१० कुपीतून परत आले ती कुपी दिल्लीच्या नेहरू तारांगणात मांडलेली आहे आणि शाळेची पोरं तिच्या भोवती उभी राहून फोटो काढतात. अंतराळ स्थानकावर सहा-सहा महिने काढून माणसं परत येतात, त्यांची यानं समुद्रातून उचलणारे लोक काय घालून जातात ते व्हिडिओत बघा. त्या यानांजवळ जाताना काळजी घेतात ती उरलेल्या इंधनाच्या विषारी वाफेची.

आता यातला अर्धा खरा भाग. आभाळातून किरणोत्सारी वस्तू पडल्याचं उदाहरण आहे, आणि मेसेजमध्ये ते चुकीच्या वर्षासह का होईना, दिलेलं आहे. २४ जानेवारी १९७८ ला सोव्हिएत संघाचा ‘कॉसमॉस ९५४’ हा उपग्रह कॅनडाच्या उत्तरेकडच्या बर्फाळ भागात कोसळला. त्यात वीज तयार करायला छोटी अणुभट्टी होती, युरेनियमसकट. तिचे किरणोत्सारी तुकडे फार मोठ्या प्रदेशात विखुरले, कॅनडा आणि अमेरिकेने मिळून ते महिनोन्‌महिने शोधले, आणि कॅनडाने साठ लाख डॉलरच्या वर दावा लावला. १९८१ मध्ये सोव्हिएत संघाने तीस लाख कॅनेडियन डॉलर दिले. हे सगळं खरं आहे. पण तो समुद्रावरच्या जहाजांवर रडारने पाळत ठेवणारा उपग्रह होता आणि त्या रडारला लागणाऱ्या विजेसाठी त्यात अणुभट्टी बसवली होती. उपग्रह वर सोडून रिकाम्या झालेल्या रॉकेटच्या टप्प्यात अणुभट्टी कशासाठी ठेवतील? कॅनडाची गोष्ट सांगून लाडबोरीची भीती घालणं हा सरळसरळ खोटेपणा आहे.

‘मग हात लावू नका असं का सांगत होते?’ हा मामीचा प्रश्न, आणि तो रास्त आहे. कारण अशा टप्प्यांमध्ये दिशा सांभाळायला जी छोटी इंजिनं असतात त्यांत हायड्राझिन नावाचं इंधन वापरतात, आणि ते खरोखर विषारी आहे. एखादी बंद टाकी न फुटता खाली आली आणि तिच्यात ते उरलेलं असलं तर ती हाताळणाऱ्याचे डोळे, नाक, घसा चुरचुरतो, मळमळतं, चक्कर येते. हा त्रास तिथल्या तिथे जाणवायला लागतो. शिवाय फाटलेल्या धातूच्या कडा पात्यासारख्या असतात आणि बंद गोळ्यात दाबाखालचा वायू राहिलेला असू शकतो. म्हणून हात लावू नये. रिंग मात्र उघडं कडं आहे, तिच्यात काही साठून राहायला पोकळीच नाही, आणि ती जमिनीवर आली तीच मुळी आगीतून. ज्या पोराला त्या दिवशी खाज नाही, खोकला नाही, उलटी नाही, त्याला पाच वर्षांनी त्या स्पर्शाचा कॅन्सर होईल असं सांगणाऱ्याला ना वैद्यक कळतं ना रॉकेट कळतं. आणि काढा पिऊन किरणोत्सार बाहेर पडत नाही. कुणाला खरंच शंका असेल तर सरकारी दवाखान्यात जा, डॉक्टरांना दाखवा. त्या नंबरावर एक रुपयाही पाठवू नका. ज्यांनी पाठवला असेल त्यांनी सायबर पोलिसांच्या १९३० या क्रमांकावर तक्रार करा.

मला राग याचाच आहे. उजेड बघून घाबरणं समजतं, त्या रात्री मीही गच्चीवर असतो तर घाबरलो असतो. पण लोकांच्या घाबरण्यावर दुकान मांडायचं, तेही लहान पोरांच्या आज्यांना कॅन्सरचं नाव सांगून, याला माफी नाही.

‘२०२१ मध्ये उडालेलं रॉकेट २०२२ मध्ये पडूच शकत नाही’

हा मेसेजमधला सगळ्यात ठासून मांडलेला मुद्दा आहे आणि वरवर बघता पटतोही. वर फेकलेली वस्तू लगेच खाली येते हे आपण रोज बघतो. पण हे रॉकेट नुसतं वर फेकलेलं नव्हतं.

४ फेब्रुवारी २०२१ ला चीनच्या सिचुआन प्रांतातल्या शीचांग तळावरून हे रॉकेट एक उपग्रह घेऊन उडालं. तो उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर जाऊन बसणारा होता. अशा उड्डाणात तिसरा टप्पा उपग्रहाला एका खूप लांबट कक्षेत सोडतो. या कक्षेचं एक टोक पृथ्वीपासून दोनेकशे किलोमीटरवर असतं आणि दुसरं टोक ३६ हजार किलोमीटरच्या आसपास. उपग्रह स्वतःच्या इंजिनाने पुढे निघून जातो. रिकामा टप्पा मागे त्याच लांबट वाटेवर फिरत राहतो, त्याला थांबवणारं कुणी नसतं.

दोनशे किलोमीटरवरही अगदी विरळ हवा असते. प्रत्येक फेरीत टप्पा त्या खालच्या टोकाशी आला की ती हवा त्याला जरासा आवरते. झोक्यावर बसलेल्याला खालून जाताना दर वेळी कुणी किंचित हात लावला तर झोका दोन्ही टोकांना कमी कमी उंच जायला लागतो, तसं. खालचं टोक बरंचसं तिथेच राहतं आणि वरचं टोक खाली खाली येत जातं: तीस हजार, वीस हजार, पाच हजार, पाचशे. मग शेवटच्या दिवसांत कक्षा जवळपास गोल होते, आणि टप्पा दाट हवेत शिरून परत बाहेर पडू शकत नाही. हे व्हायला कधी काही आठवडे लागतात, कधी वर्षं. या टप्प्याला चौदा महिने लागले. यात अशक्य असं काहीही नाही. अशा उड्डाणांचे टप्पे असेच पडतात.

आणि हे नंतर बसून जुळवलेलं गणित नव्हे. आकाशात फिरणाऱ्या अशा मोठ्या तुकड्यांवर रडारने पाळत असते आणि त्यांच्या कक्षा प्रसिद्ध होत असतात. तेव्हा हार्वर्ड-स्मिथसोनियन सेंटर फॉर ॲस्ट्रोफिजिक्समध्ये असलेले खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल कित्येक वर्षं प्रत्येक रॉकेट, प्रत्येक टप्पा, प्रत्येक पडझडीची नोंद ठेवत आले आहेत. त्यांनी त्याच दिवशी ट्विटरवर लिहिलं की हा ‘चांग चेंग ३बी’च्या वाय-७७ क्रमांकाच्या रॉकेटचा टप्पा असावा, तो साधारण याच तासाभरात परत येणं अपेक्षित होतं आणि त्याची वाट या उजेडाच्या वाटेशी चांगली जुळते. हा टप्पा आज पडणार हे कक्षेवरून आधीच दिसत होतं. ज्याला हे खोटं ठरवायचं आहे त्याने त्या संध्याकाळी त्याच वेळेला त्याच वाटेने दुसरं काय पडणार होतं ते दाखवावं.

वाट तुम्हीही तपासू शकता, त्याला दुर्बीण लागत नाही. शीचांग तळ साधारण २८ अंश उत्तरेला आहे आणि तिथून या कामासाठी उडालेल्या रॉकेटची कक्षा विषुववृत्ताशी साधारण तेवढाच कोन करते. अशी वस्तू आपल्या अक्षांशावरून खाली येताना पश्चिमेकडून पूर्वेला, जराशी उत्तरेकडे नाहीतर दक्षिणेकडे कलत जाते. आता नकाशा उघडा. उजेड मध्य प्रदेशात झाबुआ, बडवानीकडे दिसला, आपल्याकडे जळगाव, अकोला, नागपूर, चंद्रपूरला दिसला आणि तुकडे सापडले सिंदेवाही तालुक्यात. बडवानीपासून सिंदेवाहीपर्यंत रेघ ओढली की ती पूर्वेला जाते आणि दक्षिणेकडे थोडी उतरते. साधारण पाचशे किलोमीटरचं अंतर आहे. कक्षेतून उतरणारी वस्तू सेकंदाला सात किलोमीटरच्या वर धावते, म्हणजे सव्वा मिनिटाचा प्रवास.

जळगावचे लोक म्हणतात आमच्या डोक्यावरून गेला, नागपूरचेही तेच म्हणतात, आणि मेसेजवाल्याला त्यातून दोन यानं दिसतात. सत्तर-ऐंशी किलोमीटर उंचीवर जळणारी वस्तू सातआठशे किलोमीटर लांबूनही क्षितिजाच्या वर दिसते. एवढ्या उंचीवरची वस्तू सगळ्यांनाच आपल्या शेतावरून गेल्यासारखी वाटते.

‘शास्त्रज्ञांनी दोन दिवसांत तीन उत्तरं दिली’

दिली. हे नाइलाजाने मान्य करावं लागतं. त्या रात्री कुणी उल्का म्हटलं. मग न्यूझीलंडहून त्याच संध्याकाळी सुटलेल्या ‘इलेक्ट्रॉन’ रॉकेटचा भाग असावा असंही आपल्याकडच्या जाणकारांनी वाहिन्यांना सांगितलं. ते उड्डाण खरोखर झालं होतं, भारतीय वेळेनुसार सव्वासहाच्या सुमारास, त्यामुळे शंका येणं साहजिक होतं. पण कॅमेरा समोर आला की लगेच उत्तर द्यायची घाई करू नये, ‘उद्या सांगतो’ म्हणावं, हे मला आजही वाटतं. त्या घाईची किंमत आता लाडबोरीच्या आसपासची माणसं मोजत आहेत.

तरी पहिल्या दोन अंदाजांचं काय झालं तेही सांगायला हवं. उल्का सेकंदाला अकरा ते बहात्तर किलोमीटर वेगाने आत येते आणि बहुतेक वेळा डोळ्याची पापणी लवेपर्यंत विझते. त्या रात्रीचे मोबाइलवरचे व्हिडिओ बघा: दहा-बारा ठिपके एकामागे एक, एकाच रांगेत, शांतपणे सरकत जातात, प्रत्येकाच्या मागे शेपूट. हे कक्षेतून उतरताना तुटणाऱ्या वस्तूचं रूप आहे. उल्का बाद.

न्यूझीलंडच्या रॉकेटचा निकाल तर रिंगेनेच लावला. लाडबोरीच्या रिंगेचा व्यास साधारण तीन मीटर होता, वजन चाळीसेक किलो. इलेक्ट्रॉन हे बारीक रॉकेट आहे, त्याची जाडी १.२ मीटर. सव्वा मीटर जाडीच्या रॉकेटमधून तीन मीटरचं कडं निघू शकत नाही. ‘चांग चेंग ३बी’च्या तिसऱ्या टप्प्याचा व्यास किती? तीन मीटर. इथे वाद संपायला हवा होता. ज्यांनी त्या रिंगेत उभं राहून फोटो काढले त्यांनी दोन्ही हात पसरूनसुद्धा हे मोजता आलं असतं.

त्याच तालुक्यातल्या पवनपार गावात सापडलेला गोल धातूचा तुकडाही याच्याशी जुळतो. रॉकेटच्या टप्प्यात दाबाखाली वायू भरून ठेवायला गोल टाक्या असतात, पुष्कळदा टायटॅनियमच्या. ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळतं, टायटॅनियमला १६६८ लागतात. त्यातून टाकी पोकळ आणि हलकी, त्यामुळे ती हवेत लवकर मंदावते आणि बाकीचं जळून गेलं तरी गोळा खाली येतो. जगात जिथे जिथे रॉकेटचे अवशेष सापडतात तिथे असे गोळे पुष्कळदा सापडतात.

‘ते क्षेपणास्त्र होतं’

हा संशय हवेतून आला नव्हता एवढं खरं. त्याच्या साधारण साडेतीन आठवडे आधी, ९ मार्च २०२२ ला, आपलं एक ब्रह्मोस क्षेपणास्त्र चुकून सुटलं आणि पाकिस्तानात मियां चन्नूजवळ जाऊन पडलं. संरक्षण मंत्रालयाने ते मान्य केलं ११ मार्चला. दोन दिवस गप्प राहिल्यावर लोक पुढच्या वेळी संशय घेणारच. पण ब्रह्मोस सेकंदाला साधारण एक किलोमीटर जातं; बडवानी ते सिंदेवाही हे अंतर कापायला त्याला आठेक मिनिटं लागली असती, आणि ते अशी दहा-बारा तुकड्यांची जळती माळ लावत जात नाही. तीन मीटर व्यासाचं कडं त्याच्यात कुठे मावणार? ब्रह्मोसची जाडी पाऊण मीटरही नाही.

‘लडाखमध्ये सैन्याला परग्रहावरची यानं रोज दिसतात, सरकार दडवतं’

याची चौकशी झालेली आहे आणि तिचं उत्तर वर्तमानपत्रांत छापून आलेलं आहे. ऑगस्ट २०१२ ते फेब्रुवारी २०१३ या काळात पँगाँग सरोवराजवळ थाकुंग भागात जवानांनी ३२९ वेळा आकाशात उजेड पाहिल्याच्या नोंदी केल्या. चिनी ड्रोन असावेत अशी शंका होती, आणि सीमेवर ती शंका घेणं हे त्यांचं कामच आहे. मग बेंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या शास्त्रज्ञांना बोलावलं. त्यांनी उजेडाच्या जागा आणि वेळा ताऱ्यांच्या हालचालीशी ताडून पाहिल्या. निघाले गुरू आणि शुक्र. त्या उंचीवर, त्या स्वच्छ हवेत ग्रह किती प्रखर दिसतात हे तिथे गेलेल्याला विचारा. ज्या उदाहरणाने सरकार दडवतं असं सिद्ध करायचं होतं, त्यातच नीट झालेली चौकशी आहे आणि उघड झालेलं उत्तर आहे.

मेसेजमध्ये अमेरिकेच्या हवाई दलाने ‘७०१ परग्रही यानं मान्य केली’ असंही आहे. प्रोजेक्ट ब्लू बुक नावाची त्यांची चौकशी १९५२ ते १९६९ चालली. १२,६१८ नोंदी तपासल्या, त्यातल्या ७०१ चा उलगडा झाला नाही. परग्रही यान असल्याचा पुरावा त्यातल्या एकीतही मिळाला नाही, हा त्यांचाच निष्कर्ष आहे, आणि मेसेजमध्ये नेमका तोच गाळला आहे.

‘पाडव्यालाच का?’ टप्प्याला तिथी कळत नाही. पाडवा अमावास्येला लागून येतो, चंद्रकोर लवकर मावळते, आकाश काळंभोर असतं आणि उन्हाळ्यात आपल्याकडे लोक अंगणात, गच्चीवर असतात. म्हणून एवढ्या जणांनी पाहिलं.

‘इस्रोने पुरावा गुपचूप नेला’

गुपचूप? सापडलेल्या वस्तू आधी सिंदेवाही पोलीस ठाण्यात ठेवल्या होत्या. इस्रोचे शास्त्रज्ञ त्याच महिन्यात आले, पाहणी केली, तपासणीसाठी वस्तू ताब्यात घेतल्या, आणि हे सगळं बातम्यांमध्ये आलं. एवढ्या गाजावाजात गुपित राहत नाही.

न्यायला हव्याच होत्या, कारण त्या लाडबोरीच्याही नव्हेत आणि भारताच्याही नव्हेत. १९६७ च्या अंतराळ करारानुसार अंतराळात सोडलेली वस्तू कुठेही पडली तरी मालकी बदलत नाही. १९६८ च्या करारात तर स्पष्ट कलम आहे: आपल्या हद्दीत अशी वस्तू सापडली की ती सोडणाऱ्या देशाला आणि संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांना कळवायचं, आणि त्या देशाने मागितली तर परत द्यायची. भारत या दोन्ही करारांत आहे. म्हणून ‘तुकडा घरात ठेवा, कोटींना विकला जातो’ ही मेसेजमधली ओळ वाचून कुणी काही दडवून ठेवलं असेल तर ते पोलीस ठाण्यात जमा करा. घरात ठेवून मिळणार काहीच नाही.

याच्याच सोबतीचा १९७२ चा करार मात्र गावकऱ्याच्या कामाचा आहे आणि त्याबद्दल मेसेज एक अक्षर बोलत नाही. अंतराळातून पडलेल्या वस्तूने जमिनीवर कुणाचं नुकसान झालं तर ती सोडणाऱ्या देशावर पूर्ण जबाबदारी येते. चूक कुणाची हे सिद्ध करत बसावं लागत नाही. कॅनडाने पैसे मिळवले ते याच कराराचा आधार घेऊन. उद्या कुणाच्या गोठ्यावर असा गोळा पडला तर तिथले फोटो, पंचनामा, पोलिसांची नोंद हे सगळं जपून ठेवायचं, कारण दावा भारत सरकारमार्फतच जातो आणि त्याला कागद लागतात.

‘गावकऱ्यांना कुणी काही सांगितलं नाही’ ही मेसेजमधली एक ओळ मात्र मला खोडता येत नाही. मामी सांगते की तिच्या गावात कुणी येऊन चार वाक्यं बोललं नाही. रिंग नेली, ती काय होती, तिच्यापासून धोका होता की नव्हता, हे ग्रामसभेत मराठीत उभं राहून सांगायला एक तास पुरला असता. तो तास कुणी दिला नाही, आणि ती जागा काढा विकणाऱ्याने घेतली. १९७९ मध्ये अमेरिकेचं स्कायलॅब हे अंतराळ स्थानक कोसळणार म्हणून आपल्या देशात केवढी धास्ती पसरली होती हे मामीच्या पिढीला आठवतं. स्कायलॅब ११ जुलैला हिंदी महासागरात आणि ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागात पडलं. तेव्हा रेडिओ आणि वर्तमानपत्रं होती. आज प्रत्येकाच्या हातात फोन आहे, तरी खरी माहिती मेसेजच्या मागे राहते. याचा दोष मी गावातल्या माणसाला देणार नाही.

असं पुन्हा होणार, हेही सांगून टाकतो. लाडबोरीनंतर दीड महिनाही झाला नव्हता तेव्हा, १२ मे २०२२ ला, गुजरातच्या आणंद जिल्ह्यात भालेज, खंभोळज, रामपुरा या गावांत धातूचे गोळे पडले आणि तिथेही ‘चांग चेंग ३बी’च्याच एका टप्प्याकडे बोट गेलं. जुलै २०२२ मध्ये इस्रोने बेंगळुरूला अंतराळातल्या अशा वस्तूंवर लक्ष ठेवणारं केंद्र सुरू केलं. पण असा टप्पा नेमका कुठल्या तालुक्यात पडेल हे आधी सांगणं कुणालाच जमत नाही. तो ताशी २५ हजार किलोमीटरच्या वर धावत असतो, त्यामुळे अंदाज पाच मिनिटांनी चुकला तरी जागा दोन हजार किलोमीटर सरकते.

तेव्हा रानात, वावरात, घरामागे रिंग, गोळा, नळी, काळ्या धाग्यात गुंडाळलेला तुकडा, असं काहीही आभाळातून पडलेलं दिसलं तर पोरांना लांब ठेवा, वारा जिकडून येतो त्या बाजूला उभे राहा, लांबूनच फोटो काढा आणि फोटोत शेजारी कुणाची तरी सायकल नाहीतर काठी येऊ द्या म्हणजे माप कळेल. पोलीस पाटलांना सांगा किंवा ११२ ला फोन करा. आणि चुकून हात लागलाच तर साबणाने हात धुवा, कपडे बदला, डोळे चुरचुरले किंवा मळमळलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.